वाचल्याचा हिशेब

वाण्याच्या यादीत कुणी खोटं लिहीत नाही. घरातली तूरडाळ संपली असेल तर माणूस तूरडाळच लिहितो. दुकानदारावर छाप पडावी म्हणून तिच्या डोक्यावर ‘केशर, दोन तोळे’ असं लिहिणारा गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही. धोब्याच्या वहीचंही तेच. सहा शर्ट, चार पायजमे आणि दोन चादरी दिल्या की तेवढंच मांडायचं. त्यात एखादा रेशमी झब्बा उगीच वाढवला, तर तो परत कुठून मागणार? आणि आहेराची यादी तर इतकी रोखठोक असते, की ती वाचून दोन घरांत वीस-वीस वर्षं अबोला टिकू शकतो.

असा हा सत्यवचनी माणूस वाचलेल्या पुस्तकांची यादी करायला बसला, की मात्र त्याच्या हाताला कंप सुटतो. एरवी डाळ-तांदूळ सरळ लिहिणारा हात इथं आपोआप केशराकडे वळतो.

‘मी यादी करतो ती फक्त माझ्यासाठी’ असं प्रत्येक यादीकार छातीवर हात ठेवून सांगतो. ऐकायला बरं वाटतं. पण फक्त स्वतःसाठी असेल, तर अक्षर एवढं वळणदार कशाला? वहीला खाकी कव्हर कशाला? आणि पाहुणे यायच्या दिवशी ती बरोबर टीपॉयवर कशी येऊन पडते? धोब्याची वही कधी टीपॉयवर दिसली आहे तुम्हाला?

माझा एक मित्र मराठीचा प्राध्यापक होता. शाळेपासून त्याची वाचनाची वही. तिची पहिली चार पानं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी भरलेली होती. ओळीनं झुंझार आणि काळा पहाड, मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. पुढं यथाकाल हा विभागप्रमुख झाला. आठ दिवसांत त्यानं नवी वही आणली आणि जुनीवरून ‘स्वच्छ प्रत’ तयार केली. मी ती चाळली. क्रमांक एकला ‘अमृतानुभव’! म्हणजे हा मुलगा बाराखडी संपवून थेट अमृतानुभवाच्या पाटावर येऊन बसला होता.

“अरे, झुंझार कुठं गेला?” मी विचारलं.

“विद्यार्थी मागतात रे वही बघायला,” तो म्हणाला. “आणि मी खोटं काय लिहिलंय? न वाचलेलं एक तरी नाव दाखव तू मला. थोडी गाळलीत, एवढंच.”

वाचकहो, प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. न वाचलेलं लिहिणं हे खोटं, यात वाद नाही. पण वाचलेलं गाळणं? कायद्यानं त्याला कुणी हात लावणार नाही. तरी मला ते खटकलं. या मित्राला वाचनालयाची पायरी दाखवली ती झुंझारनं. ‘पुढं काय झालं?’ या एका प्रश्नापायी पान उलटायची सवय लावली ती काळ्या पहाडानं. ती सवय नसती, तर अमृतानुभवाचं दुसरं पान त्यानं कुठल्या बळावर उलटलं असतं? ज्याचं बोट धरून चालायला शिकलो, त्याला मोठेपणी घरच्या फोटोतून कात्रीनं कापून काढायचं, तसं हे वाटलं.

याच्या उलट दोन माणसं मला आठवतात. एक सूचिकार शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळात छापून निघालेल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी केली आणि पुढं १९५० पर्यंत तिचा दुसरा खंडही केला. त्यात थोरामोठ्यांचे ग्रंथ आहेत, आणि आज ज्यांचं नावही कुणाला आठवत नाही अशी असंख्य पुस्तकंही आहेत. पंगत एकच. दुसरे गांधीजी. १९२२ ते १९२४ ते पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथल्या रोजनिशीत कोणतं पुस्तक वाचून झालं याच्या त्यांनी नोंदी ठेवल्या. त्यांत गिबननं लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास आहे, आणि ज्यूल व्हर्नची आकाशातून बेटावर पडणाऱ्या माणसांची गोष्टही आहे. महात्म्याला व्हर्न गाळावासा वाटला नाही. आमच्या विभागप्रमुखांना झुंझार गाळावासा वाटला. विभागप्रमुखपद हे महात्मेपणापेक्षा नाजूक असावं.

बरं, गाळायचं नाही असं ठरवलं, तरी पुढचा प्रश्न उभाच राहतो. ‘वाचलं’ म्हणायचं कशाला?

याबाबतीत माझा अधिकारी ग्रंथ म्हणजे आमची मावशी. तिनं आयुष्यात वही केली नाही. आठवड्यातून दोनदा वाचनालयात पुस्तक बदलायला जायची. वाचून झालं की तेहतिसाव्या पानावर आकड्याखाली पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायची. झाली नोंद! पुढच्या वेळी पुस्तक हातात आलं की आधी तेहतिसावं पान. टिंब दिसलं की पुस्तक परत फळीवर. ही युक्ती आपल्याला एकटीलाच सुचली आहे अशी तिची समजूत होती. पण त्या वाचनालयातल्या चलतीच्या कादंबऱ्या उघडून पाहाव्यात तर कुठं सतराव्या पानावर फुली, कुठं पन्नासाव्यावर चांदणी, कुठं शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात नुसतंच ‘शां’. निम्म्या गावाच्या वाचनाची वही त्या पुस्तकांच्याच पोटात लिहिलेली होती.

एकदा तिचं पुस्तक शेजारणीनं बदलून आणलं. मावशी रंगून वाचत होती. तेहतिसाव्या पानावर आली तर टिंब हजर!

“मावशी, अगं हे वाचलंयस तू,” मी म्हटलं.

“वाचलेलं दिसतंय खरं. टिंब माझंच आहे.”

“मग पुढं काय होतं, सांग.”

“ते नाही बाई आठवत.” मग जरा थांबून, चष्मा पुशीत म्हणाली, “पण ही सासू मला कुठंतरी भेटलीय.”

आणि तिनं पुस्तक शेवटापर्यंत वाचलं. मग पेन्सिल घेऊन पहिल्या टिंबाशेजारी दुसरं टिंब दिलं.

आता बोला. पहिल्या खेपेला मावशीनं ते पुस्तक वाचलं होतं की नव्हतं? गोष्ट गेली, नावं गेली, शेवट गेला. उरली एक सासू, तीही पत्ता नसलेली. परीक्षेत बसवलं असतं तर मावशी नापास. पण मला वाटतं, ती सासूच खरी कमाई होती. पुस्तकातली असूनही ती मावशीला शेजारच्या वाड्यात भेटल्यासारखी वाटत होती, यापेक्षा पुस्तकानं माणसात आणखी किती मुरायचं?

मावशीला एक थोर सोबतीही आहे. निबंध नावाचा प्रकार ज्यानं सुरू केला तो सोळाव्या शतकातला फ्रेंच माँतेन. त्याची स्मरणशक्ती यथातथाच होती, आणि ते त्यानं छापून सांगितलं आहे. एखादं पुस्तक नवं म्हणून हातात घ्यावं, आणि ते आपण पूर्वी नीट वाचून समासात भरपूर खरडून ठेवलं आहे असं आढळावं, असं त्याचं वरचेवर व्हायचं. म्हणून त्यानं रिवाज ठेवला. पुस्तकाच्या शेवटी वाचून संपल्याची तारीख आणि चार ओळींत आपलं मत. मावशीचं टिंब आणि माँतेनची तारीख यांत फरक एवढाच, की माँतेनची पुस्तकं स्वतःची होती आणि मावशीची वाचनालयाची. त्यामुळं माँतेन साहित्याच्या इतिहासात गेला आणि मावशीला मात्र ‘पुस्तकात खुणा करू नयेत’ ही पाटी रोज वाचावी लागली.

माझी स्वतःचीही वही आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सुरू केली. सध्या चौथी चालू आहे. रकाने साधेच : तारीख, पुस्तक, लेखक, शेरा. या शेऱ्याच्या रकान्यात माणसाचं वय असं उमटतं, की जन्मदाखल्याची गरज पडू नये. पहिल्या वहीत जिकडंतिकडं ‘अप्रतिम!!!’ दुसऱ्या वहीत लग्न झालं. तिथं ‘अप्रतिम’ आहे, पण उद्गारचिन्हं गेली. तिसरीत ‘चांगले आहे, पण लांबले आहे.’ चौथीत नुसतं ‘टाइप बारीक.’

पहिल्या वहीत एका कादंबरीपुढं शेरा आहे : ‘रात्रभर झोप नाही.’ परवा मुद्दाम तीच कादंबरी काढली. अकराव्या पानावर मला उत्तम झोप लागली. आता यात चुकलं कोण? तो मुलगा नाही. मीही नाही. कादंबरी तर नाहीच नाही, ती जशी होती तशीच आहे. मग शेरा बदलायचा का? मला तसं वाटत नाही. वही माझी असली तरी तो शेरा माझा नाही. तो एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा आहे, आणि त्याला विचारायला तो आता भेटायचा नाही. दुसऱ्याच्या सहीवर खाडाखोड करण्याचा अधिकार मला कुणी दिला? त्या रात्री तो जागा राहिला होता, ही गोष्ट खरीच आहे. माझ्या आजच्या झोपेमुळं ती खोटी होत नाही.

आवडत्या पुस्तकांच्या यादीत तर याहून अवघड. तिथं पाटच दहा. नव्याला जेवायला बसवायचं तर बसलेल्या कुणाला तरी उठवावं लागतं. लोकांच्या यादीवर काट मारायला काही वाटत नाही. १८८६ मध्ये इंग्लंडात सर जॉन लबक यांनी शंभर उत्तम पुस्तकांची यादी मांडली, तर जॉन रस्किननं ती घेतली आणि पेनानं नावं खोडीत सुटला. पण स्वतःच्या यादीतलं एक नाव खोडून बघा. ज्या पुस्तकानं एका वाईट उन्हाळ्यात आपल्याला सोबत केली, ते आता जरा भाबडं वाटतं म्हणून उठवायचं? माझं काही तेवढं धाडस होत नाही. परिणामी माझ्या ‘आवडत्या दहा’मध्ये सध्या सत्तावीस पुस्तकं आहेत.

“अहो, मग याला दहा कशाला म्हणायचं?” घरातून प्रश्न.

“अगं, आपण ‘मोजक्याच माणसांत’ म्हणून केलेल्या मुंजीला किती पानं उठली होती?”

यावर घरातून काही उत्तर आलं नाही. मुंजीचा खर्च तिलाही आठवला असावा.

आता काळ बदलला. माझा भाचा वही ठेवत नाही. त्याची यादी फोनमध्ये असते. जानेवारीत ‘यंदा पन्नास’ असं त्यात भरायचं, की फोन वर्षभर मागं लागतो : अमुक झाली, तमुक उरली, तुम्ही तीन पुस्तकांनी मागं आहात. पूर्वी बँकेचा हप्ता थकला की अशी पत्रं यायची. ऑक्टोबरपर्यंत भाचा रमतगमत वाचतो. डिसेंबरात त्याच्या खोलीत पातळ पुस्तकांना एकदम भाव येतो. चारशे पानांचं एक पुस्तक आणि चाळीस पानांचं एक पुस्तक, फोनच्या लेखी दोन्ही एक-एक.

त्यानंच एकदा मला पेचात टाकलं. “मामा, एखादं पुस्तक परत वाचलं तर ते मोजायचं का हो?”

मोजदादीच्या सगळ्या खेळातली मेख इथं आहे. ज्या यादीला क्रमांक असतो ती आपल्याला सतत नव्याकडे ढकलते. जुनं पुन्हा वाचलं तर आकडा हलत नाही; म्हणजे ते दिवस फुकट! आपल्याकडे मात्र मोजायची एक वेगळी रीत पूर्वीपासून चालत आली आहे. ज्ञानेश्वरीचं पारायण, गुरुचरित्राचा सप्ताह. तिथं पुस्तकं किती झाली असं कुणी विचारत नाही. पारायणं किती झाली असं विचारतात. पुस्तक एकच, मोजायच्या त्या खेपा. गावात सप्ताहाला बसणारे एखादे आजोबा फोनच्या हिशेबानं आयुष्यभरात एकच पुस्तक वाचलेले ठरतील. आणि नऊ हजार ओव्या दरवर्षी नव्यानं उलगडणाऱ्या त्या माणसाला फोन डिसेंबरात कळवील : तुम्ही एकोणपन्नास पुस्तकांनी मागं आहात.

मात्र नव्याची ओढ वाईट, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. कारण एका रिकाम्या दुपारी मी एक गुणाकार करून बसलो आहे. माझा वेग दोन आठवड्यांना एक पुस्तक, म्हणजे वर्षाला सव्वीस. देवाच्या दयेनं आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणखी पंधरा वर्षं डोळे चालले असं धरू. सव्वीस गुणिले पंधरा, तीनशे नव्वद. आमच्या कपाटाच्या एका फळीवर तीस पुस्तकं मावतात. म्हणजे तेरा फळ्या. माझं उरलेलं सगळं वाचन सहा-सहा फळ्यांच्या दोन कपाटांत आणि वर एका फळीत मावतं. हा आकडा मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

“त्यातल्या आठ फळ्या तर न वाचता घरातच पडल्यात,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, भाजी निवडता निवडता, “पंधराच का धरलीत?”

तेव्हा वाचलेल्यांची यादी म्हणजे दुसऱ्या बाजूनं उरलेल्यांची यादी असते, फक्त ती लिहिलेली नसते. तेरा फळ्याच भरायच्या असतील तर त्यांत नवं किती आणि जुनं किती, हा प्रश्न मग छंदाचा राहत नाही.

डार्विनच्या वह्यांत या दोन्ही याद्या होत्या. ‘वाचायची’ आणि ‘वाचलेली’ अशी दुहेरी नोंद त्यानं १८३८ पासून १८६० पर्यंत ठेवली. पहिल्याच वर्षी त्यानं माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि त्यातून त्याला आपल्या सिद्धांताची किल्ली सापडली. इतका जपून वाचणारा हा माणूस. पण १८७६ मध्ये आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हा त्यानं एक चुटपूट नोंदवली. तरुणपणी आवडणारी कविता आता वाचवत नाही, शेक्सपिअरचासुद्धा कंटाळा येतो, आणि पुन्हा जन्म मिळाला तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचायचा नेम करीन, असा त्याचा आशय आहे. कादंबऱ्या तेवढ्या घरच्यांकडून वाचून घेत असे. मात्र शेवट गोड हवा. दुःखान्त कादंबऱ्यांविरुद्ध कायदाच करायला हवा, असं त्याचं मत होतं. वहीत नावं जिथल्या तिथं राहिली, जिभेची चव तेवढी गेली. ती कुठल्या तारखेला गेली, याचा रकाना डार्विनच्या वहीतही नव्हता.

म्हणून भाच्याला मी सांगितलं ते असं. वाचलेल्या पुस्तकांची यादी ही वाण्याची यादी नव्हे. ती संपायची नसते. धोब्याचीही नव्हे, मोजून दिलं तेवढं मोजून परत येत नाही. ती आहेराची यादी आहे. आहेराच्या वहीत कुणी काय दिलं ते लिहितात. पाचशे एक देणारे काका लिहितात, तसे अकरा रुपये देणारे शेजारीही लिहितात. आणि सहावा लेमन सेट देणाऱ्या आत्याबाईंचं नाव तर आवर्जून लिहितात. अकरा रुपयेवाल्याला गाळून ‘स्वच्छ प्रत’ काढली तर त्या घराला लोक काय म्हणतील? झुंझारनं अकरा रुपये दिले असतील, पण दिले ते अगदी पहिल्यांदा, हात रिकामा होता तेव्हा. ते मांडायलाच हवेत. वही कशासाठी? तर घेतलेलं विसरू नये म्हणून. आणि आहेर घेतला की कधीतरी त्या घरी जावंही लागतं. पुस्तकाच्या घरी जायचं म्हणजे ते पुन्हा वाचायचं.

“म्हणजे मोजायचं की नाही?” भाच्यानं विचारलं. या पिढीला निकाल हवा असतो.

“क्रमांक देऊ नकोस,” मी म्हटलं. “पहिल्या नोंदीशेजारी एक टिंब दे.”

त्यानं फोन वर-खाली करून पाहिला. टिंब द्यायची सोय त्यात नव्हती. मग तो उठला, टेबलावरची माझी पेन्सिल घेतली आणि माझ्याच कपाटापुढं जाऊन विचारू लागला, “मामा, तेहतिसावंच पान का हो?”

ते मात्र मावशीलाच ठाऊक.